उपासाला चालतं!

वृषाली पानस्कर पवनचक्कीची शिडी चढायला लागली ना, की खाली उभी असलेली माणसं नुसत्या आवाजानंच दमायची. ठण, ठण, ठण, ठण. ऐंशी मीटर! कुसरूडच्या पठारावरच्या या जुन्या पवनचक्क्या, यांना लिफ्ट-बिफ्ट काही नाही. लोखंडी नळकांड्याच्या पोटात सरळ उभी शिडी, दोनशे सदुसष्ट पायऱ्या. वर बसगाडीएवढी खोली, तिच्यात यंत्रं, आणि झाकण उघडून डोकं बाहेर काढलं की खाली अख्खं कोयनेचं खोरं. वृषाली त्रेचाळीस वर्षांची, पाच जणांच्या टोळीची मुकादम. तिच्याआधी या पठारावर बाई मुकादम झालीच नव्हती. नवरा विनायक गुजरातच्या समुद्रातल्या पवनचक्क्यांवर, तीन महिन्यांतून एकदा यायचा, त्यामुळे पाटणच्या घरात दोघीच. ती आणि तिची सासू शालन. सासूला ती आत्या म्हणायची.

आणि अशा या वृषालीला भाद्रपदात तपासणीच्या दिवशी सांगितलं गेलं, की तुमच्या धमन्यांचं वय चोपन्न आहे. शिडी चढायला बावन्नच्या आत लागतं. तोवर चढा, पण तीन महिन्यांत वय खाली आणा, नाहीतर कायमचं खाली बसा.

आता हे धमन्यांचं वय म्हणजे काय, ते आधीच सांगायला पाहिजे, कारण सगळी भानगड तिथं आहे. नवा रबरी पाइप घ्या. नळ सोडला की तो जरासा फुगतो, पाण्याचा धक्का आपल्या अंगात जिरवतो. तोच पाइप चार उन्हाळे गच्चीवर पडू द्या. कडक होतो, आणि मग नळ सोडला की धक्का सरळ दुसऱ्या टोकाला, धाडकन! रक्तवाहिन्यांचं तसंच. हृदयाचा प्रत्येक ठोका म्हणजे एक लाट. वाहिनी मऊ असली की लाट बेताबेतानं जाते, कडक झाली की सुसाट सुटते. एक बटणाएवढी चकती छातीवर चिकटवायची, दुसरी मनगटावर, आणि लाट इथून तिथं किती वेळात पोचली ते मोजायचं. झालं वय. जन्मतारखेशी त्याचा काही संबंध नाही.

तेवढंच असतं तर गोष्टच झाली नसती. पण चकतीतून नुसते ठोके जात नाहीत. कातडीतून प्रकाश टाकून रक्तातली साखर मोजली जाते, चरबी मोजली जाते, झोप मोजली जाते, चाल मोजली जाते. हे सगळं जमा होऊन तुमच्या हृदयाची एक हुबेहूब नक्कल संगणकात धडधडत राहते, आणि ती तुमच्या सहा महिने पुढे पळते. येत्या उन्हाळ्यात तुमच्या छातीत काय होणार ते तिला आज ठाऊक. सरकारी नाव प्रतिहृदय. लोक म्हणतात जुळी.

या जुळीला सगळं दिसतं, एक सोडून. तुम्ही तोंडात काय घातलंत ते दिसत नाही. ते सांगावं लागतं, फोनकडे बघून, साध्या बोलीत. "दोन भाकरी, वांग्याची भाजी, वाटीभर ताक." की ती म्हणते, "नोंद केली." पोटात काय गेलं आणि रक्तात काय उठलं, याचा मेळ घालत घालत जुळी तुमच्या शरीराचा स्वभाव शिकते.

तालुक्याच्या दवाखान्यात डॉक्टर नाझिया इनामदार होत्या. त्या म्हणाल्या, "वृषालीताई, घाबरायचं कारण नाही. मीठ कमी, तळलेलं कमी, रोज सात तास झोप, जेवणानंतर चालणं. मुकादम झाल्यापासूनच्या दोन वर्षांच्या घाईगडबडीत जे गेलंय ते परत येईल."

"येईल कसं, आणणारच मी," वृषाली म्हणाली. "तुम्ही बघाच."

आणि घरी येऊन तिनं ठरवून टाकलं. चालणं-बिलणं ठीक आहे, पण असं गुळमुळीत नाही करायचं. मुळावरच घाव. उपास! खाल्लंच नाही तर चरबी येणार कुठून? सोमवार धरला, गुरुवार धरला, दोन्ही एकादश्या, संकष्टी, आणि नवरात्राचे अख्खे नऊ दिवस.

आत्या तर हरखूनच गेली. "आगं बया, माझी सून देवाला लागली!" तिनं सकाळी पाचला उठून चूल पेटवावी तसा गॅस पेटवला, आणि जे सुरू झालं ते सुरू झालं.

रोज सकाळी डबा भरता भरता वृषाली फोनला सांगायची, "आज उपास."

"नोंद केली," जुळी म्हणायची.

नवरात्र संपलं, दिवाळी झाली, आणि कार्तिकी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी ती ताठ मानेनं दवाखान्यात गेली. चकत्या लावल्या. पडद्यावर आकडा आला.

अठ्ठावन्न.

"यंत्र बिघडलंय," ती म्हणाली.

डॉक्टर नाझियांनी परत मोजलं. अठ्ठावन्न. मग त्यांनी जुळीचा आलेख उघडला. "ताई, खुर्ची जवळ घ्या. हे बघा. हे तुमचे उपासाचे दिवस. पोटात शून्य. आणि हे त्याच दिवशीचं रक्त. दुपारी दोनला चरबी कुठं गेलीय बघा. साखर बघा. रक्तदाब बघा. जेवता त्या दिवसांपेक्षा दीडपट."

"म्हणजे?"

"म्हणजे खाणं बंद केलं तरी तुमचं यकृत स्वतःच चरबी तयार करून रक्तात सोडतंय. कारखानाच आहे म्हणा ना, कच्चा माल नसला तरी चालूच. जुळीनं तुम्हाला ड गटात टाकलंय. सवयींना दाद न देणारं शरीर." त्यांनी तिची जुनी फाइल पुढं ओढली. "तुमचे वडील कितव्या वर्षी गेले?"

"एकोणपन्नासाव्या. हार्ट अटॅकनं." वृषालीचा आवाज एकदम बारीक झाला. अण्णा उसाच्या गाडीवर बसल्या बसल्या गेले होते, हातात कासरा तसाच.

"जुळीलाही नेमकं तेच दिसतंय. रक्तातून आलेलं." डॉक्टरांनी हलकेच सांगितलं, "ड गटासाठी एक इंजेक्शन आहे. यकृतातला तो कारखाना चालवणारा जनुक कुलूपबंद करतं. एकदाच घ्यायचं, जन्मभरासाठी. ज्यांना खरंच गरज आहे त्यांच्यासाठी वरदान आहे ते, तुमच्या वडिलांना मिळतं तर कदाचित ते वाचले असते. पण कुलूप लागलं की किल्ली नाही. आणि ड गटाला शिडी नाही, इंजेक्शन घेऊनही नाही. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी फेरतपासणी, आणि त्याच दिवशी इंजेक्शन. सहा आठवडे आहेत."

दुसऱ्या दिवसापासून वृषाली खाली. वायरलेस घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये. टोळीतला पोपट गुरव तात्पुरता मुकादम झाला. तो चांगला माणूस, पण जीभ कातरीसारखी.

"मुकादम, खुर्ची मऊ हाय ना?" वरून वायरलेसवर आवाज यायचा.

"पोपट, चौदा नंबरवर आहेस, कमरेच्या पट्ट्याचं कुलूप तपास आधी. मग टोमणे मार."

"तपासलं. दोनदा. तुमच्याच हाताखाली शिकलोय नव्हं?" आणि मग जरा थांबून, "लवकर या वर. इथं कुणी शिव्या देईना झालंय."

वृषालीला बसवेना. वडिलांचं हृदय ते माझं हृदय, असं कुणी यंत्रानं सांगावं आणि मी मान डोलवावी? तिनं पहाटे चालायला सुरुवात केली. पाटणच्या पुलापासून वर वळणावळणाच्या रस्त्यानं सहा किलोमीटर, आणि परत आल्यावरच चहा. ड गटात गेल्यापासून जुळीलाही तिच्यावर जास्त लक्ष ठेवायचा हुकूम होता, त्यामुळे ती आता आपणहून बोलायला लागली होती.

आणि मग तो मंगळवार उजाडला. वृषाली चालून आली, घाम पुसत स्वयंपाकघरात टेकली. आदल्या दिवशीचा उपास सोडायचा होता. आत्यानं भाकरीचं ताट पुढं सरकवलं. तेवढ्यात फोन बोलला.

"वृषाली, काल दिवसभर तुझ्या पोटात अन्नाचा कण नाही. तरीही आज तू सहा किलोमीटर चाललीस. चक्कर येते का?"

वृषाली उत्तर देणार, तर आत्या तवा खाली ठेवून फोनवरच धावून गेली. "कण न्हाई? कण न्हाई कसा गं भवाने? सकाळी दोन वाट्या खिचडी खाल्ली हिनं, वरून तुपाची धार. शेंगदाण्याचे दोन लाडू डब्यात दिले. दुपारी बटाट्याचा कीस, सांजच्याला साबुदाण्याचे वडे तळले, चार खाल्ले का न्हाई गं? माझ्या घरात कुणी उपाशी ऱ्हातंय व्हय? लोक काय म्हणतील?"

वृषालीच्या हातातला घास हातातच राहिला.

"आत्या, परत बोला."

"काय परत बोलू? वडे चारच खाल्लेस, मी मोजले न्हाईत, पण..."

"नाही, थांबा." तिनं फोन उचलला. "जुळी, उपास म्हणजे काय?"

"उपास म्हणजे अन्न न घेणे," जुळी म्हणाली.

"बरोबर हाय की!" आत्या म्हणाली.

"बरोबर? अहो, मग साबुदाणा?"

"साबुदाणा अन्न थोडंच हाय?" आत्यानं तिच्याकडे असं बघितलं, की ही बाई शिकली-सवरली कशी. "अन्न म्हंजे भात, भाकरी, डाळ. साबुदाणा, बटाटा, शेंगदाणा, त्यो फराळ. त्यो उपासाला चालतोय!"

बघा म्हणजे! कुणीच खोटं बोललं नव्हतं. वृषालीनं रोज खरं सांगितलं, जुळीनं खरं लिहिलं, आत्यानं धर्म पाळला. आणि तिघींच्या खरेपणातून एक भलतीच बाई तयार झाली होती, जिच्या पोटात काही नाही आणि रक्तात तुपाची धार आहे! जुळीनं बिचारीनं त्याचा अर्थ लावला, हिच्या यकृतात कारखाना असणार. वडील लवकर गेले, जुळलंच.

वृषाली आधी हसायला लागली. मग रडायला लागली. मग ताट तसंच टाकून तिनं दवाखान्याचा रस्ता धरला.

डॉक्टर नाझियांनी ऐकलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "या अल्लाह! वृषालीताई, दर एकादशीला आमच्या सिस्टरबाई मला डबाभर खिचडी खायला घालतात. आवडीनं खाते मी. आणि पडद्यावर शून्य दिसलं की मी शून्यच वाचलं." त्या उठून खिडकीशी गेल्या, परत आल्या. "हे जुळीचं शब्दांचं कोष्टक ज्यांनी भरलं, त्यांनी शब्दकोशात बघितलं असणार. आमच्या घरी रोजा म्हणजे पाण्याचा थेंबही नाही, त्यामुळे मलाही ते खटकलं नाही."

"मग काढा मला ड गटातून."

"नाही काढता येत. मागच्या नोंदी बदलत नाहीत, आठवणीवर काही भरायची सोय नाही. पण पुढच्या आपल्या हातात आहेत. साडेपाच आठवडे. काय खाल ते खरं सांगा. उपास म्हणू नका, पदार्थ सांगा, वाट्या सांगा, चमचे सांगा. वय बावन्नच्या आत आलं, तर शरीर सवयींना दाद देतंय हे जुळीला आपोआप पटेल. गट बदलेल."

"साडेपाच आठवड्यांत सहा वर्षं?"

"वाहिन्या इतक्या लवकर दगड होत नाहीत. बराचसा ताण दाबाचा असतो, तो उतरतो. पण एकही दिवस ढिलाई चालणार नाही."

"ढिलाई?" वृषाली म्हणाली. "मॅडम, मी ऐंशी मीटरवर पट्टा लावते. तिथं ढिलाई केली असती तर आज इथं बसले नसते."

पण शिडी सोपी, सासू अवघड! घरी येऊन तिनं सांगितलं, की उद्यापासून खिचडी बंद, वडे बंद, लाडू बंद. आत्या भिंतीकडे तोंड करून बसली. संध्याकाळचा दिवा लावला नाही. दुसऱ्या दिवशीही बोलेना. वृषालीनं स्वतःच भाकरी थापली, ती नकाशासारखी झाली.

"आत्या, बोला की. शिव्या द्या, पण बोला."

"काय बोलू?" आत्या एकदम फिरली. डोळे लाल. "तू मुकादम झालीस त्या दिवसापासनं सोमवार धरलाय मी. तुझ्यासाठी. तू वर असतीस, वारं सुटलेलं असतंय, मी हितं काय करू? माझ्या हातात काय हाय? देवाला उपास आन् तुला फराळ, एवढंच हाय. ते बी तुझं यंत्र म्हणतंय, मीच तुला मारायला निघालीय."

वृषालीला हे ठाऊकच नव्हतं. दोन वर्षं. दर सोमवारी ही बाई तिच्यासाठी उपाशी, म्हणजे, आत्याच्या भाषेत उपाशी. ती जवळ जाऊन बसली.

"उपास नको म्हणतच नाहीये मी. सोमवार दोघी मिळून धरू. पण देवाला उपास पाहिजे, का तेल पाहिजे?"

आत्यानं बोटांवर काहीतरी मोजलं. मग नाक ओढून म्हणाली, "रताळं उकडून चालतंय. राजगिऱ्याची भाकरी चालतीय. काकडीची कोशिंबीर, ताक. माझी आई तेच करायची. साबुदाणा-बिबुदाणा तिच्या बापानं बघितला नव्हता."

"मग!"

"मग काय मग. तेल कुठलं मोजून घालायचं, चमचा दे हिकडं."

आणि सुरू झालं. काय सुरू झालं म्हणता! ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, अर्धं ताट भाजीचं, जवसाची चटणी, आठवड्यातून दोनदा हुलग्याचं पातळ माडगं. तेल दिवसाला दोघींत सहा चमचे, शेंगदाणे मूठभर, मोजून. वडे नाहीत, पापड नाहीत, लोणच्याची बरणी विनायकच्या कपाटात. दहाला दिवा बंद. जेवलं की दोघीही चालायला, आत्या पदर खोचून पुढे. आणि प्रत्येक घास जुळीला. "दीड भाकरी. मेथी, एक चमचा तेल. मीठ अर्धी चिमूट."

दुसऱ्या आठवड्यात छप्पन्न. तिसऱ्यात छप्पन्नच. चौथ्यात सत्तावन्न!

"असं कसं?" वृषाली ओरडलीच. "मीठ तर जवळजवळ बंद आहे!"

"बंदच हाय," आत्या छातीवर हात ठेवून म्हणाली. "शप्पत. मिठाच्या डब्याला हात लावला न्हाई पंधरा दिवस. आळणी लागू नये म्हणून सैंधव घालती तेवढं."

"कशात?"

"सगळ्यात. भाजीत, ताकात, भाकरीच्या पिठात. जरा सढळ हातानंच घालती. ते मीठ न्हाई, सैंधव हाय. उपासाला चालतंय!"

वृषालीनं डोकं टेकलं ओट्यावर. डॉक्टर फोनवर हसाव्या की रडाव्या अशा आवाजात म्हणाल्या, "ताई, सैंधव म्हणजे जमिनीतून खणलेलं मीठच हो. जवळपास सगळं तेच. मीठ पोटात गेलं की शरीर पाणी धरून ठेवतं, रक्त वाढतं, पाइप तट्ट फुगतो. त्याला काय कळतंय, समुद्रातलं की डोंगरातलं!"

सैंधवाचा खडा आत्यानं स्वतः उचलून देव्हाऱ्याच्या मागे ठेवला. मग लिंबू पिळायला लागली, कोथिंबीर, आलं, भाजलेल्या जिऱ्याची पूड. पहिले चार दिवस दोघींनाही गवत खाल्ल्यासारखं वाटलं. पाचव्या दिवशी वृषालीला भाकरीत ज्वारीची चव लागली. गोडसर. ही आधी कुठं होती?

पाचव्या आठवड्यात चोपन्न.

मार्गशीर्षातला शेवटचा गुरुवार. सकाळी आठला दोघी दवाखान्यात. आत्यानं हट्टच धरला होता यायचा. व्हरांड्यात आधीच प्लॅस्टिकच्या खुर्च्यांवर रांग लागली होती, इंजेक्शनची. अकरा जणी आणि कडेला दोन म्हातारे. बायकांच्या केसांत गजरे, हातात पूजेच्या पिशव्या, मांडीवर कागद, कागदावर लाल ड.

वृषाली आत गेली. चकत्या. पडदा.

एक्कावन्न.

डॉक्टर नाझियांनी टाळीच वाजवली. पडद्यावरचा ड पुसट झाला आणि तिथं ब उमटला, सवयींना दाद देणारं शरीर. "उद्या चढा, ताई! परवानगीवर सही करते आत्ता."

वृषालीचा फोन वाजला. पोपट. "काय झालं? चौदा नंबरचं यंत्र उद्या उघडायचंय, मला एकट्याला न्हाई जमायचं."

"आलेच," ती म्हणाली, आणि फोन ठेवता ठेवता तिची नजर दारातून बाहेर गेली. खुर्च्यांच्या रांगेकडे. "मॅडम, आज गुरुवार आहे. या सगळ्या उपाशी असतील."

डॉक्टरांचं पेन थांबलं.

"आपल्या तालुक्यात ड गटात किती?"

डॉक्टरांनी कळ दाबली. "तीनशे बारा. त्यांत बायका..." त्या आकड्याकडे बघत राहिल्या. "दोनशे सत्तर."

"आणि त्यांतल्या किती जणी 'आज उपास' एवढंच सांगतात?"

बाहेर सिस्टरबाई इंजेक्शनांचा ट्रे लावत होत्या, त्याचा किणकिणाट आत येत होता.

"मी एकटी म्हणाले तर जिल्ह्याला कुणी ऐकणार नाही," डॉक्टर म्हणाल्या. "पुरावा लागतो. एकाच माणसाची चुकीची नोंद आणि नंतरची खरी नोंद, दोन्ही. त्या फक्त तुमच्याकडे आहेत. तुम्ही तक्रार केलीत, तर मला आजची इंजेक्शनं थांबवता येतात. पण नीट ऐका. तुमची परवानगी दिली कुणी? जुळीनं. आणि तुम्ही म्हणणार, जुळीचं खरं नाही. मग तुमची परवानगीही लटकली, चौकशी संपेपर्यंत. फाल्गुन उजाडेल. दुरुस्तीचा हंगाम संपून जाईल."

"आणि नाही केली तर?"

"तर उद्या सकाळी तुम्ही वर."

वृषालीनं खिडकीतून पठाराकडे बघितलं. इथून पाती दिसत होती, सावकाश फिरणारी. सहा आठवडे ती या एकाच गोष्टीसाठी जगली होती. गवत खाल्लं होतं. मग तिनं व्हरांड्यात बघितलं. पहिल्या खुर्चीवरची बाई असेल पन्नाशीची, दंडावरची बाही आत्ताच वर सरकवून बसलेली, शहाण्या मुलीसारखी.

हिचं खरंच यकृत बिघडलेलं असेल. नसेलही. विचारल्याशिवाय कळणार कसं?

"कुठं सही करू?" वृषाली म्हणाली.

"विचार करा जरा."

"केला. चढायला दोनशे सदुसष्ट पायऱ्या लागतात मॅडम, त्या फाल्गुनातही तेवढ्याच असतात. पेन द्या." सही करून तिनं पोपटला फोन लावला. "चौदा नंबर तूच उघड. जमेल तुला. न जमायला काय झालं? मी खाली बसून सांगते एकेक बोल्ट. मऊ खुर्चीवरून."

मग ती बाहेर गेली आणि पहिल्या खुर्चीसमोर उकिडवी बसली. "ताई, आज उपास का?"

"हो."

"काय खाल्लं?"

बाई दचकली. परीक्षेला बसल्यासारखी तिनं डॉक्टरांकडे बघितलं. "काही नाही. उपासच आहे म्हटलं ना. खरंच काही नाही."

"थोडं काही? सकाळी?"

"नाही हो. देवाशपथ."

वृषालीनं हताश होऊन डॉक्टरांकडे बघितलं. आणि तेवढ्यात आत्यानं तिला कोपरानं बाजूला केलं, शेजारच्या खुर्चीवर ऐसपैस बसली, आणि पदरानं वारा घेत त्या बाईला म्हणाली, "व्हय गं, खिचडीचा साबुदाणा तू रात्री भिजवतीस का सकाळी? आमची खिचडी बाई चिकटच होतीय."

"सकाळी?" बाईचा चेहराच उजळला. "अहो मावशी, सकाळी कसा भिजेल? रात्रीच! आणि पाणी फक्त वर बोटभर. दाण्याचं कूट निम्म्याला निम्मं, आणि तुपाला हात आखडायचा नाही, मग मोकळी होते. मी तर आधी बटाटा तळून घेते."

"आमच्यात मिरची तुपात तळतात," दुसऱ्या खुर्चीवरून आवाज आला.

"आणि वर वेफर चुरून!" तिसरीनं सांगितलं.

डॉक्टर नाझियांनी सिस्टरबाईंना हातानं खूण केली, ट्रे आत न्या. मग त्या स्वतः एक स्टूल ओढून, वही घेऊन बसल्या. वृषालीनं फोनवर नवं पान उघडलं, अगदी कोरं, आणि पहिल्या बाईच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ताई, आता सावकाश सांगा. अगदी पहिल्यापासून. तुमच्या घरची वाटी केवढी असते?"